कोल्हा दर हिवाळ्यात घरभर मुततो: कारण काय आणि इलाज काय

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. एप्रिल-मेमध्ये पिल्लू घरी येतं. थोड्याच दिवसांत ट्रेमध्ये शू करायला शिकतं, उन्हाळा मजेत जातो. थंडी पडली की तेच पिल्लू आधी जेवणाच्या भांड्यात मुततं, मग बुटांत, मग पलंगावर, मग पाहुण्यांच्या बॅगेवर. घासून पुसून काढलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मार्च उजाडला की प्रकार कमी होतो, घरातले म्हणतात ‘चला, सुधारला एकदाचा’, आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी अमेरिकेत इंडियाना राज्यात राहतो. आमच्याकडे तांबू नावाचा लाल कोल्हा आहे. तो माणसाच्या ताब्यातल्या जोडीच्या पोटी जन्मलेला आहे आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा परवाना काढून ठेवलेला आहे. लाल कोल्हा म्हणजे आपल्या माळावरच्या खोकडाचा जातभाई, पण अंगाने त्याच्या दुप्पट. इथल्या कोल्हा पाळणाऱ्यांत ही तक्रार दर हिवाळ्याला निघते. शिवाय भारतातली भाचरं व्हिडिओ बघून ‘काका, आपणपण आणू या’ म्हणतात, त्यांनीही हे वाचावं म्हणून मराठीत सविस्तर लिहितोय.

तुमचं शिकवणं कमी पडलेलं नाही आणि कोल्हाही बिघडलेला नाही. तो वयात आला आहे. पिल्लू साधारण दहा महिन्यांचं झालं की पूर्ण कोल्हा होतं, आणि मूत शिंपडून खुणा करणं हे त्याच्या जगण्याचं रोजचं काम आहे. त्याला ते सोडायला लावता येत नाही. बदलायची ती त्याची राहायची जागा, जेवायला घालायची रीत आणि आपली घर धुण्याची पद्धत. बाकी सगळे उपाय मी लोकांना करून थकलेलं पाहिलंय.

आधी आजार नाही ना, ते बघा

खूण करणारा कोल्हा थोडंच मुततो. एखाद्या उभ्या वस्तूपाशी किंवा वास असलेल्या गोष्टीपाशी जातो, हुंगतो, पाय किंचित उचलतो, दोन-चार थेंब टाकतो आणि पुढे निघतो. आजारी कोल्हा बसून कुंथतो, पुन्हा पुन्हा बसतो, लघवीत रक्त दिसतं, पाणी एकदम जास्त प्यायला लागतो. असं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका, लघवी तपासून घ्या. नराला लघवी होतच नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण अडलेली लघवी जिवावर बेतते. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर कोल्ह्याला हात लावत नाहीत. ज्याला लावायचाय असा डॉक्टर पिल्लू आणायच्या आधीच शोधून ठेवावा लागतो.

तिसरा एक प्रकार आहे, तो लोक खूण समजतात. तुम्ही कामावरून आलात की कोल्हा कान मागे पाडून, पोट जमिनीला टेकवत, शेपूट हलवत, किंचाळत येतो आणि जागच्या जागी त्याची शू होते. हा आनंद आहे आणि नमतं घेणंही आहे. यावर ओरडलात तर तो अजून दबेल आणि अजून मुतेल. त्याला भेटायचं ते बाहेर, मातीवर किंवा फरशीवर. आल्या आल्या त्याच्यावर वाकू नका, बाजूला तोंड करून खाली बसा, त्याला येऊ द्या. चार-सहा आठवड्यांत फरक पडतो, पूर्ण बंद मात्र होईलच असं नाही.

रिकामं भांडं

जेवून झालं की भांड्यातच मुततो, ही तक्रार ऐकली की लोकांना वाटतं अन्न आवडलं नाही, राग काढला. तसं नाही. डेव्हिड हेन्री नावाच्या अभ्यासकाने 1970 च्या दशकात कॅनडातल्या प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानात लाल कोल्ह्यांच्या मागे हिंडून हे नीट पाहिलं होतं. कोल्हा शिल्लक अन्न एका जागी न ठेवता इथे-तिथे पुरून ठेवतो. नंतर येऊन उकरतो. जिथे अन्नाचा वास उरलाय पण खायला काही नाही, तिथे तो मूत शिंपडतो. पुढच्या फेरीत मुताचा वास आला की तिथे उकरत बसत नाही, सरळ पुढे जातो. तुमचं चाटूनपुसून साफ केलेलं भांडं त्याच्या लेखी तसंच आहे. वास येतोय, खायला नाही, खूण करा.

म्हणून भांडंच बंद करा. तांबूचं जेवण आम्ही कुंपणातल्या मातीत, पालापाचोळ्यात, लाकडाच्या ओंडक्यांखाली विखरून टाकतो. उकडलेलं अंडं दिलं की तो लगेच खात नाही. अंडं न फोडता दातांत अलगद धरतो, जागा हेरतो, पुढच्या पायांनी हातभर लांब माती मागे फेकत खड्डा करतो, अंडं आत ठेवतो आणि मग पंजा न वापरता नाकाने माती लोटून वरून दाबतो. नाकाच्या शेंड्यावर माती चिकटलेली असते. दोन पावलं जाऊन परत येतो, आणखी एक पान वर सरकवतो, तेव्हा कुठे त्याचं समाधान होतं. हे काम त्याला रोज करायला मिळालं की घरातल्या सोफ्याच्या फटी वाचतात.

सोफ्यावरून सांगतो. घरात कुबट, कुजका वास येत असेल तर तो मुताचा आहे असं आधीच धरू नका. गादीखाली, सोफ्याच्या पोटात, कपड्यांच्या टोपलीच्या तळाशी कोंबडीची मान किंवा उंदराचा तुकडा पुरलेला सापडतो. आधी लपवलेलं अन्न शोधा, मग मुताच्या मागे लागा.

भांड्यातच घालायची वेळ आली, औषध वगैरे असेल तर, समोर उभं राहून खाऊ घाला आणि तोंड वर केलं की भांडं उचला.

डिसेंबर ते फेब्रुवारी

लाल कोल्ह्याची मादी वर्षातून एकदाच माजावर येते आणि गर्भ राहण्याचे दिवस जेमतेम तीन. हा काळ उत्तर गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारीच्या आसपास येतो. एवढ्याशा मुदतीसाठी नराला आधीपासून तयार राहावं लागतं, म्हणून दिवस लहान झाले की त्याच्या अंगात बदल सुरू होतात. तो जास्त फिरतो, रात्री भुंकतो, हात लावू देत नाही आणि जागोजागी मुततो. वासही या दिवसांत उग्र होतो. मादीसुद्धा खुणा करते, त्यामुळे ‘मादी आणली तर हा त्रास नाही’ हे विकणाऱ्याचं म्हणणं मनावर घेऊ नका.

या मुताला तो वास येतो गंधकाच्या संयुगांमुळे. इथे पहिल्यांदा घरात येणारा माणूस हमखास विचारतो, ‘जवळपास स्कंक (घाण वासाचा फवारा सोडणारा इथला प्राणी) आहे का?’ नाकाला हे संयुग अगदी कणभर असलं तरी कळतं. शेपटीच्या वरच्या अंगाला, बुडापासून थोडं पुढे एक ग्रंथी असते, तिचा वास वेगळा आणि बराच सौम्य असतो. घर सोडायला लावतो तो मुताचा वास, अंगाचा नाही. म्हणून कोल्ह्याला आंघोळ घालून काहीच साधत नाही, उलट त्याची कातडी कोरडी पडते आणि तुमच्यावरचा विश्वास जातो.

नसबंदी करावी का? पिल्लं वाढवायची नसतील तर करावीच. वास थोडा उतरतो, खुणा कमी होतात, हिवाळ्यातला चिडखोरपणाही निवळतो. पण ‘नसबंदी केली की प्रश्न संपला’ असं समजून जो नवी गादी घेतो त्याची गादी जाते. खूण करणं फक्त माजाशी बांधलेलं नाही, ते अन्नाशी आणि हद्दीशीही बांधलेलं आहे.

इथे कुणीतरी रशियातल्या माणसाळलेल्या कोल्ह्यांचा दाखला देतंच. नोव्होसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव्ह यांनी 1959 मध्ये हा प्रयोग सुरू केला. ल्युदमिला त्रूत यांनी तो पुढे आयुष्यभर चालवला. कातडीसाठी पाळलेल्या कोल्ह्यांतले सगळ्यात माणसाळू निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची, पिढ्यान्‌पिढ्या. त्यातून माणूस दिसला की शेपूट हलवणारे, हात चाटणारे कोल्हे निघाले. साध्या फार्मवरच्या पिल्लाच्या मनात साधारण सहाव्या आठवड्यात अनोळखी गोष्टींची भीती बसायला लागते, या पिल्लांमध्ये ती उशिरा बसते, म्हणून माणसाची ओळख व्हायला जास्त वेळ मिळतो. काम फार मोठं आहे. पण निवड झाली ती माणसाशी वागण्याची. उकरणं, अन्न पुरणं, मूत शिंपडणं त्या कोल्ह्यांतही आहे. आणि तुमच्या घरी असलेला कोल्हा त्यांच्यातला नसण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेत विकली जाणारी बहुतेक पिल्लं फर फार्मच्या वंशातली असतात. ती माणसाच्या ताब्यात वाढलेली असतात, माणसाळलेली नव्हे.

नवी वस्तू, नवा माणूस

घरात नव्या वासाची गोष्ट आली की तिच्यावर खूण होणार. आई-बाबा पुण्याहून येतात तेव्हा सुटकेसमध्ये मेतकूट, गोडा मसाला, चकलीची भाजणी, खोबऱ्याच्या वड्या. तांबूला अशी सुटकेस म्हणजे हुंगायला पर्वणी. आईची शाल त्यात गेली, आणि ती धुऊनही नेसत्या कपड्यांच्या कपाटात परत ठेवता आली नाही. आता पाहुण्यांच्या बॅगा गाडीतून सरळ वरच्या खोलीत जातात आणि दार बंद होतं. पाहुण्यांना हे विमानतळावरच सांगावं, घरी आल्यावर सांगितलं की त्यांना वाईट वाटतं. चपला-बूट, दप्तरं, बाळाचे कपडे, धुवायला काढलेले कपडे, सगळं कपाटात. कोल्हा दोन-तीन फूट सहज उडी मारून ओट्यावर चढतो, त्यामुळे ‘वर ठेवलंय’ याला अर्थ नाही.

शिक्षा करू नका. नाक घासणं, पेपर मारणं, पाणी उडवणं यातून कोल्हा एवढंच शिकतो की तुमच्या समोर मुतायचं नाही. तो मग कपाटामागे मुतेल, आणि ते तुम्हाला फार उशिरा कळेल.

धुताना काय चुकतं

वास परत येण्याचं निम्मं कारण साफसफाईत असतं. अमोनिया असलेलं क्लीनर वापरलं तर त्याचा वास मुताच्या वासाशी मिळताजुळता पडतो आणि कोल्हा त्यावर आपली खूण ठेवतो. ब्लीच तर मुतावर ओतूच नका, दोन्ही मिळून घातक वाफ निघते. गरम पाणी आणि वाफेचं यंत्रही टाळा, डाग आत मुरतो. फिनाइलने वरचा वास झाकला जातो, खालचा तसाच राहतो.

एन्झाइम असलेलं क्लीनर घ्या, पण घाई करू नका. ओलं असेल तर आधी कागदाने दाबून जितकं निघेल तितकं टिपा, चोळू नका. गार पाण्याने ओलं करून पुन्हा टिपा. मग क्लीनर भरपूर ओता, म्हणजे मूत जितकं खोल गेलंय तितकं ते खोल गेलं पाहिजे. वर प्लास्टिकचा तुकडा झाका, नाहीतर वाळून जातं आणि एन्झाइमला काम करायला वेळ मिळत नाही. बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या, मग उघडं ठेवून वाळवा. जुना डाग असेल तर हे दोन-तीनदा करावं लागतं. पाळीव प्राण्यांचे डाग शोधायला जी अतिनील टॉर्च मिळते ती घेऊन रात्री दिवे मालवून खोली फिरा. ज्या जागा तुमच्या ध्यानीमनी नव्हत्या त्या सापडतील, विशेषतः दाराच्या चौकटी आणि भिंतीची खालची वीतभर पट्टी.

गालिचाखालच्या फोममध्ये मूत मुरलं असेल तर धुण्यात जीव घालवू नका. गालिचा आणि फोम काढून टाका, खालची लाकडी फळी वरच्याच पद्धतीने धुऊन पूर्ण वाळवा, लाखेच्या प्रायमरचे हात देऊन बंद करा आणि वर विनाइल टाका. इथे भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची अनामत रक्कम यातच जाते. भाड्याच्या घरात कोल्हा ठेवू नये असं मी स्पष्टच सांगतो.

बाहेरचं कुंपण

कोल्ह्याला मुतायला हक्काची जागा लागते आणि ती घराबाहेरच असली पाहिजे. दिवसातला बराचसा वेळ त्याने मोठ्या, बंदिस्त, मातीच्या कुंपणात काढावा आणि घरात तुमच्या डोळ्यांसमोर थोडा वेळ यावं, ही मांडणी सगळ्यांना झेपते, कोल्ह्यालाही. दहा फूट बाय दहा फूट ही लोक सांगतात ती कमीत कमी जागा, मला ती अपुरी वाटते. जितकं मोठं करता येईल तितकं करा.

वरून छत हवंच, कारण लाल कोल्हा सहा फुटी कुंपण ओलांडून जातो. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी चालत नाही, दातांनी फाडतो. जाड वेल्डेड जाळी घ्या. उकरून बाहेर पडू नये म्हणून कुंपणाच्या पायथ्याशी आतल्या बाजूला दोन-तीन फूट जाळी जमिनीलगत आडवी टाकायची आणि वर माती पसरायची. उकरताना पंजा जाळीला लागला की तो तिथे नाद सोडतो. दोन दारं एकामागे एक ठेवा, म्हणजे तुम्ही आत शिरताना तो निसटणार नाही. झोपायला लाकडी पेटी आणि त्यात कोरडा पेंढा. चादर, गोधडी नको, ती ओली राहते आणि वास धरते. थंडीची काळजी करू नका, हिवाळ्यात त्याची फर दाट होते. काळजी उन्हाळ्याची, सावली आणि पाणी कायम हवं.

आणि यात एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. कुंपण रोज घासून लख्ख करू नका. आत दोन-तीन ओंडके आणि एक मोठा दगड ठेवा, तो तिथे खूण करेल. विष्ठा रोज उचला, पेंढा बदला, पण तो दगड धुऊ नका. सगळ्या खुणा पुसल्या तर तो सगळ्या पुन्हा करतो, दुप्पट जोमाने. एक-दोन जागा त्याच्याच वासाच्या राहिल्या की तो शांत असतो, आणि घरात आला तरी कमी शिंपडतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक याने पडला.

चावा आणि लस

हे मुतण्याशी थेट जोडलेलं नाही, पण हिवाळ्यात कोल्हा चिडखोर असतो आणि चावे याच दिवसांत बसतात, म्हणून लिहितो. अमेरिकेत कोल्ह्यासाठी मान्यता असलेली रेबीजची टोचायची लस नाही. डॉक्टर कुत्र्याची लस देतात आणि ती द्यावीच, पण कायद्याच्या लेखी तुमचा कोल्हा लस न घेतलेलाच धरला जातो. तो पाहुण्याला किंवा शेजारच्या मुलाला चावला आणि आरोग्य खात्याकडे नोंद झाली, तर त्याला मारून मेंदू तपासायचा आदेश निघू शकतो. कुत्र्याला मिळणारी दहा दिवस नजरेखाली ठेवण्याची सवलत त्याला मिळेलच असं नाही. डिसेंबर ते मार्च तांबूला आम्ही दोघांशिवाय कुणीही हाताळत नाही, मुलं तर नाहीच. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाच्या लसीबद्दलही डॉक्टरशी आधी बोला. कुत्र्यांना देतात त्या जिवंत विषाणूच्या लशीमुळे काही जातींच्या कोल्ह्यांना, विशेषतः करड्या कोल्ह्याला, डिस्टेंपरच होऊ शकतो.

कायदा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात घरी पाळीव म्हणून कोल्हा ठेवताच येत नाही. राज्याने परवानगी दिली तरी शहर किंवा सोसायटी नाही म्हणू शकते, तिन्ही ठिकाणी लेखी विचारा.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांसाठी

भारतात खोकड आणि तिकडे ज्याला कोल्हा म्हणतात तो जॅकल (हा लाल कोल्ह्याहून वेगळा प्राणी) दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. पिल्लू शेतात सापडलं म्हणून घरी नेणं हा गुन्हा आहे, हौस म्हणून नेलं तरी आणि दया म्हणून नेलं तरी. खोकडाची पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाशी बिळाबाहेर खेळताना दिसतात. आई-बाप दोघंही त्यांना सांभाळतात आणि दिवसा दूर असतात, म्हणून ती अनाथ वाटतात. बिळापासून लांब व्हा, कुत्री बांधा, संध्याकाळ होऊ द्या. पिल्लू जखमी असेल, बीळ नांगराखाली गेलं असेल किंवा कुणी आधीच घरी आणलं असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि तोवर दूध पाजू नका, पोरांना हाताळू देऊ नका. घरात कुत्रं असेल तर जास्तच जपा. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानात झालेल्या अभ्यासात गावातल्या मोकाट कुत्र्यांत आणि खोकडांत डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या आहेत. आधीच माळरानं आक्रसत चालली आहेत, त्यात हा रोग त्यांना नको.

एवढं सगळं करून जमत नसेल तर

कुंपण बांधायला जागा नाही, घरमालक ऐकत नाही, बाळ येणार आहे, अशी कारणं खरी असतात. पण कोल्ह्याला जंगलात सोडू नका. ताब्यात जन्मलेल्या कोल्ह्याला शिकार येत नाही, रस्त्याची भीती नसते, तो माणसाच्या घराकडे येतो आणि मरतो, आणि असं सोडणं बहुतेक राज्यांत बेकायदाही आहे. ज्या पैदासकाराकडून घेतला त्याला आधी विचारा. मग राज्याच्या वन्यजीव कार्यालयाला फोन करून परवानाधारक अभयारण्यांची, म्हणजे असे प्राणी कायमचे सांभाळणाऱ्या आश्रयस्थानांची, यादी मागा. ती बहुतेक भरलेली असतात आणि प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून हा फोन ऑक्टोबरात करा, डिसेंबरात नाही. देताना लशींच्या नोंदी, तो काय खातो, कशाला घाबरतो, कुणाच्या हातून खातो हे सगळं लिहून द्या आणि त्याच्या पेटीतला थोडा न धुतलेला पेंढा सोबत पाठवा.